जतचा लांबलेला उन्हाळा

अढीतल्या आंब्यांचा वास आला की मला माझा शहाणपणा आठवतो.

स्वराज्याआधी मी जत संस्थानात कारकून होतो. वाईजवळच्या गावाहून आईचा निरोप आला, "उनाळा सरला की ये रं. आंबं घातल्यात अढीत."

वाईकडे मृगातच गारवा येतो. जतला आषाढातही माठ तापतो. रजा मिळत होती, पण पत्त्यांचा अड्डा सुटेना. ऐटीत कार्ड टाकलं, "इकडचा उन्हाळा अजून सरला नाही."

श्रावणात गेलो, तर आई अंथरुणाला खिळलेली. पुढं आठवडाभरच होती. खाटेखाली गवतात आंबे काळे पडले होते. कुणाला हात लावू दिला नव्हता.

"सरला व्हय रं उनाळा? लय करपलास."

बाहेर झड लागली होती, तरी ती पडल्या पडल्या मलाच पंख्यानं वारा घालू लागली.