वानखेडेचा रिमोट

आपल्या घरात दाराच्या मागे एक पिशव्यांची पिशवी असते बघा. ती कुणी मुद्दाम जमवत नाही, जमते. सिस्टिम सपोर्टच्या माणसाकडचे किस्से असेच. कर्वेनगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी बरीच वर्षं लोकांचे प्रिंटर, माउस आणि गैरसमज दुरुस्त केले. पण माझी अर्धी पिशवी एकट्या एका रिमोटनं भरली आहे.

हा रिमोट प्रेझेंटेशनचा. हातात धरायचा, बटण दाबलं की पडद्यावरची स्लाइड पुढे. त्याचं बोटभर पिल्लू, म्हणजे रिसीव्हर, कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावायचं. मग दोघांची ओळख पटते, असं निदान खोक्यावर छापलं होतं.

तो मागवला वानखेडेसाठी. वानखेडे यवतमाळचा, आमच्याकडचा सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर. मार्केट यार्डात आलेल्या शेतमालाच्या गाड्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर त्यानं एकट्यानं लिहिलं होतं. पण तो बोलताना अडखळायचा. गप्पांत अडलेला शब्द सोडून शेजारचा उचलायचा, कुणाला पत्ताही लागत नसे. डेमोत मात्र पंचाईत व्हायची. बोलणारा पडद्यापाशी, कॉम्प्युटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि प्रत्येक स्लाइडला "नेक्स्ट" म्हणायची पद्धत. ते "नेक्स्ट" अडायचं. "पुढची" म्हणून पाहिलं, तेही अडलं. म्हणायचंच आहे असं ठरलं की कुठलाही शब्द अडतो, असं तो सांगायचा.

त्यामुळे काम त्याचं आणि डेमोला टाय बांधून दुसराच कुणीतरी! शेवटी आमचे डायरेक्टर बापटसाहेब म्हणाले, दसऱ्यानंतर व्यापाऱ्यांपुढे मोठा डेमो आहे, तो वानखेडेला जमत असेल तर त्यानं द्यावा. नाहीतर सेल्सचा माणूस देईल आणि प्रोजेक्टही तोच सांभाळेल. स्वतः लिहिलेलं स्वतः दाखवायचं, एवढंच वानखेडेला हवं होतं. पण अगदी जिवापासून हवं होतं.

*

रिमोट येईपर्यंत आम्ही खुणेवर भागवायचं ठरवलं. त्यानं मान हलवली की मी कॉम्प्युटरवर बटण दाबायचं. झकास! तालीम सुरू झाली.

तिसऱ्या स्लाइडवर त्याचा एक शब्द अडला. शब्द अडला की त्याची मान हलते, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी आपला इमानेइतबारे दाबत गेलो. शब्द सुटला तेव्हा पडद्यावर "थँक यू" आलं होतं!

वानखेडेनं वळून पाहिलं आणि तो खाली बसून हसायला लागला. डोळे पुसत म्हणाला, "इतका लवकर तर साहेबांचा पण डेमो संपत नाही बे."

*

रिमोट आला. लावला, म्हणजे हातात धरून दाबला. कॉम्प्युटर ढिम्म. मी ड्रायव्हरची सीडी घातली. रीस्टार्ट केला. दुसऱ्यांदा रीस्टार्ट केला, कारण आमच्या धंद्यात पहिला रीस्टार्ट धरत नाहीत. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी तो कॉम्प्युटर सरळ फॉरमॅट मारला. अख्खा दिवस गेला. वानखेडे शेजारी बसून चहा पीत होता. संध्याकाळी त्यानं शांतपणे विचारलं, की ते बोटभर पिल्लू कुठाय?

ते खोक्यात होतं. आणि खोकं आमच्या ॲडमिनच्या लेलेबाईंनी कोथरूडला घरी नेलं होतं. चांगलं, झाकणाचं खोकं ऑफिसात वाया जाऊ देणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. त्यात त्यांनी बटणं ठेवली होती, शर्टाची.

दुसऱ्या दिवशी पर्स उघडून त्यांनी पिल्लू टेबलावर ठेवलं. मी जरा आवाज चढवला. त्या म्हणाल्या, "अहो, जपून ठेवलं होतं मी. आपण विचारलंत कुठे?"

*

मग आठ दिवस छान चालला. नवव्या दिवशी पुन्हा ओळख नाही. मी पिल्लू आमच्या दुसऱ्या मशीनला लावलं, तिसऱ्याला लावलं. कुठेच सापडेना. तीन दिवस मी रिमोट बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पीस सदोष आहे, परत पाठवा, असं साहेबांना लेखी दिलं.

चौथ्या दिवशी वानखेडेनं माझा हात धरला आणि मला जिन्यापाशी नोटीस बोर्डासमोर नेऊन उभं केलं. बोर्डावर एक पाटी होती. "सुरक्षेच्या कारणास्तव सर्व यूएसबी पोर्ट बंद केले आहेत. पेनड्राइव्ह लावून पाहू नये. लागणार नाही. कारण विचारू नये."

खाली सही माझी होती.

वानखेडे म्हणाला, "अक्षर चांगलं आहे बे तुझं."

*

आमच्या वरच्या मजल्यावर दहावीचा क्लास होता. तिथल्या सरांनी आमचा रिमोट पाहून अगदी तस्साच आणला. तेव्हाचे हे रिमोट जरा भोळे होते, शेजाऱ्याच्या बटणालाही ओ द्यायचे.

एका दुपारी वानखेडे एकटाच तालीम करत होता. आमचा कॉम्प्युटर रुसलेला, पडद्यावर काही हलेना. तो गडी चिडून दाबत सुटला. पुढे, मागे, पुढे, पुढे. दहा मिनिटांनी दारात वरचे सर उभे. हातात खडू, चेहरा अत्यंत सभ्य.

"माफ करा," ते म्हणाले, "पण आपल्यापैकी कुणी माझी पचनसंस्था उरकलीत का?"

वानखेडेला खरं तर माफी मागायची होती, पण शब्द अडला. सरांनी त्याच्या हातातला रिमोट पाहिला, थांबले, शब्द बाहेर येईपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "असू दे. मुलांना आवडलं. उद्या श्वसनसंस्था आहे, चारनंतर दाबा."

*

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या मशीनची पूजा व्हायची आणि मुखत्यारी लेलेबाईंकडे असायची. सर्व्हरला झेंडूचा हार, कीबोर्डवर फूल, माउसला हळदीकुंकू. वानखेडेचा डेमो चार दिवसांवर, म्हणून बाईंनी रिमोटची खास पूजा केली. त्याचं पिल्लू वेगळं काढून त्यालाही यथासांग कुंकू लावलं, नेमकं टोकाला, पत्र्याच्या आत.

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. मी जुन्या टूथब्रशनं ते कुंकू अर्धा तास कोरत बसलो होतो आणि तोंडानंही गप्प नव्हतो. यंत्राला कुंकू लावतात का, वगैरे. बाई प्रसादाचे पेढे वाटत माझ्यापर्यंत आल्या. माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाल्या, "गेल्या महिन्यात कुंकू लावलं नव्हतं. तेव्हा चालत होता का?"

मी पेढा खाल्ला. वानखेडेनं दोन खाल्ले.

*

आता डेमोचा दिवस. व्यापारी मंडळी सकाळी आमच्याच कॉन्फरन्स रूममध्ये आली. पांढरे कपडे, दोन-तीन पागोटी, आणि सगळ्यांत पुढे एक म्हातारे शेठ. मागे भिंतीला टेकून सेल्सचा माणूस उभा होता, टाय बांधून. साहेबांनी सांगूनच ठेवलं होतं, की वानखेडे अडला तर तू पुढे हो.

नऊ वाजता मी रिमोट तपासला होता. चालत होता. साहेब प्रास्ताविक करत असतानाच कॉम्प्युटरनं टुडुंग असा आवाज केला आणि रिमोट गेला. मी पिल्लू काढलं, घातलं, मागच्या पोर्टला लावलं. नाही! रीस्टार्ट करावा तर सगळ्यांसमोर पडदा काळा. पडद्यापाशी वानखेडे रिमोट घेऊन उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. चालत नाही म्हणून सांगितलं असतं, तर हा पहिल्या "नेक्स्ट"लाच अडला असता आणि टाय पुढे आला असता.

मी अंगठा वर केला. चालू आहे! आयुष्यात मी युजरला इतकं स्वच्छ खोटं कधी सांगितलं नव्हतं.

तो पाठ फिरवून पाणी प्यायला. मग वळला आणि बोलायला लागला.

मी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि त्याच्या अंगठ्यावर डोळे लावले. त्यानं दाबलं की मी दाबायचं. पहिली स्लाइड गेली. दुसरी गेली. पापणी लवू दिली नाही मी. दोनदा तो अडला. अंगठा हलला नाही, मीही हललो नाही. व्यापारी शांत बसून होते. लिलावाला बसायची सवय असलेली माणसं, त्यांना कसली घाई! शब्द सुटला, अंगठा हलला, स्लाइड पुढे. चाळीस स्लाइड झाल्या आणि माझ्या शर्टाचं घामानं फडकं झालं.

शेवटी म्हातारे शेठ साहेबांना म्हणाले, "आमच्याकडं बसवायला ह्येच येनार आसतील तर आमची ना न्हाई." सेल्सच्या माणसानं टाय सैल केला आणि सगळ्यांत आधी टाळी त्यानंच वाजवली, हे मात्र सांगायला हवं. मला इतका आनंद झाला, की मी लेलेबाईंनाही नमस्कार केला.

एक मात्र तिथल्या तिथे ठरवून टाकलं. रिमोट बंद होता हे वानखेडेला जन्मात कळू द्यायचं नाही. त्याचा दिवस त्याच्याकडे पूर्ण राहू दे.

खोली रिकामी झाल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. रिमोट माझ्यासमोर ठेवला. मग शर्टाच्या खिशात हात घालून त्यानं दोन सेल काढले आणि रिमोटशेजारी नीट उभे केले.

"पाणी पितानाच सेल काढून ठेवले होते बे," तो म्हणाला. "मधातच चालू झाला असता, अन् दोघांनी दाबलं असतं, तर दोन-दोन स्लाइड गेल्या असत्या ना."