पांढऱ्या फरशीवरचा बंब

विलायतेत डॉक्टर होऊन परतले, तेव्हा वाटलं होतं की नागपुरात आपली लढाई रोगांशी होणार. झाली ती पाणी तापवायच्या बंबाशी! सक्करदऱ्याच्या आमच्या सूतिकागृहात खाटा तीन, दाई एक. पण किस्से कोपऱ्याकोपऱ्यात साठतात, कितीही झाडा!

*

न्हाणीघरात मी हट्टानं पांढऱ्या टाइल्स बसवल्या. "डाग दिसला की जंतू पळाला!" असं भाषणही ठोकलं. तुळसा दाई उंबऱ्यातच थबकली.

"आत ये ना!"

"पाय मळले हायेत, बाई."

"मग धू!"

"धुवू कुठं? न्हाणी तं हेच हाये!"

*

तांब्याचा बंब आला. मधल्या नळकांड्यात निखारे, खाली राख. दमाजी गवंड्यानं बंबाखाली घालायला विटा मागितल्या.

"काहून?" आता मीही 'काहून' म्हणू लागले होते.

"निखारा पडला तं फरशी तडकन."

"विलायतेत नाही तडकत!"

"तिकडचा इस्तो थंड असन, बाई."

विस्तव थंड असो की गरम, विटा मी आणू दिल्या नाहीत.

*

महिनाभर खाटा रिकाम्या. मग उमरेडच्या विणकर घरातली सखू आली. तिचं पहिलं मूल घरीच दगावलेलं. या खेपेला तिला इथं ठेवायचंच, असा मी निश्चय केला होता. सासू गिरजाबाईंचा प्रश्न एकच.

"बाळंतिणीले कढत पाणी भेटन ना? नाही तं आताच घेऊन जातो."

"बंब आहे आपला!" मी ऐटीत म्हणाले.

*

पाहते तर गिरजाबाई बंबाखाली शेणमाती सारवताहेत! मी किंचाळले, फिनेल ओतलं, घासून काढलं. त्यांनी पुन्हा सारवलं. मी पुन्हा घासलं.

"सारवल्याबिगर इस्तो ठेवतेत का कोणी?" त्या तुळसाला म्हणाल्या, "जाऊ दे वं. शिकलेली हाये बिचारी."

*

संध्याकाळी बंब पेटवला. निखारा पडला, फट्! टाइल तडकली, मग दुसरी. बंब कलंडला, पाणी वाहून गेलं. गिरजाबाई बोचकं बांधू लागल्या.

"चाल वं, सखू."

सखूनं खाट घट्ट धरली. "आत्याबाई, मी नाही येत."

"सकाळपर्यंत पाहतो. मंग जातो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दमाजीकडून विटा मागवल्या, पदर खोचला आणि विटांवर चिखलाचा हात फिरवायला बसले. गिरजाबाई बोचकं घेऊन दारात उभ्या.

"शेण?"

"नाही. नुसती माती."

त्यांनी वाकून विटांवर बोट फिरवलं. मग बोचकं खाली ठेवलं.

"मंग हात तरी नीट फिरवा, बाई. अशानं भेगा पडतेत!"