बॉनेट उघडून काढलेला फोटो

"गाडी पळोवन चली दिली गो तांणी," आत्याबाई म्हणाल्या. मी मागच्या दाराशी नारळाची कवड हातात घेऊन उभी होते.

म्हणजे, गाडी बघून मुलगी दिली त्यांनी. मुलगी म्हणजे मी. लग्नाला पाच दिवस झाले होते. आत्याबाई माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, आणि मी न्हाणीघरात आहे अशी त्यांची समजूत. सासूबाई "हळू उलय गो" एवढंच म्हणाल्या. "तसं काही नाही" असं त्या म्हणाल्या नाहीत, हे मी कवडीसकट ऐकून ठेवलं.

आता माझ्या हातून जो मूर्खपणा झाला तो नीट समजायचा, तर आधी एक फोटो समजून घ्यायला हवा. आमचे हे मस्कतला, एका कंपनीच्या गोदामात कारकून. स्थळ आलं तेव्हा पत्रिकेबरोबर एक रंगीत फोटो आला. डोळ्यांवर गॉगल आणि एका लालभडक लांबलचक गाडीच्या बॉनेटवर रेलून हे. माझ्या वडिलांनी तो फोटो आमच्या गावात, पार्शात, तीन घरांतून फिरवून आणला. परत आला तेव्हा त्याला काजूच्या चिकाचा डाग पडला होता. मी मात्र, खरं सांगते, गाडी बघितलीच नव्हती. मी कान बघितले. कान मोठे होते, आणि गॉगल लावूनसुद्धा माणूस घाबरल्यासारखा दिसत होता. मला तोच आवडला.

पण हे आत्याबाईंना कोण सांगणार? मी तशी कमी बोलते. सासऱ्यांसमोर तर नाहीच. सासरे म्हणजे उभा जन्म सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवलेला माणूस. आवाज ऐकून गिअर सांगायचे. त्यांच्यासमोर मी चहाचा कप ठेवायचे आणि आत पळायचे.

चार महिन्यांनी मी मस्कतला पोचले. विमानतळाबाहेर लाल गाडी शोधत उभी राहिले. ह्यांनी बॅगा उचलल्या आणि आम्ही कंपनीच्या बसमध्ये चढलो.

"गाडी दुरुस्तीला दिलीय का?" मी विचारलं.

ह्यांचे कान लाल झाले. "गाडी नाहीच आहे. म्हणजे होती, पण ती कोणाची होती ते मलाही ठाऊक नाही. बाजारात उभी होती. इथे सगळेच तसा फोटो काढून घरी पाठवतात."

"आणि गॉगल?"

"तो केरळच्या जोसेफचा."

रागवायला हवं होतं, नाही का? मला हसू आलं. पण हसून झाल्यावर डिचोलीचं सासर आठवलं. हे जर डिचोलीला कळलं, तर बाबांपुढे, म्हणजे सासऱ्यांपुढे, ह्यांची मान कायमची खाली. ट्रकवाल्याच्या मुलाने परक्या गाडीवर मिरवलं, हे बाबा कसं सोसतील? आणि पार्शात माझ्या वडिलांना लोक काय म्हणतील? गाडी बघून मुलगी दिली, आणि गाडीच नाही.

म्हणून मी ठरवलं, ह्यांचा मान आपण राखायचा. आमच्या घरात भांडण कोंकणीत आणि पत्र मराठीत. पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'ती. बाबा आणि सौ. आईंना सा. न. काल आम्ही गाडीने समुद्रावर जाऊन आलो.' बसही गाडीच की, असं मी मनाला सांगितलं. पुढच्या पत्रात गाडीत टेप आला. त्याच्या पुढच्यात थंड हवेचं यंत्र आलं. तोंडाने कमी बोलणाऱ्या माणसाचं पेन किती बोलतं, हे मला तेव्हा कळलं.

मग बाबांचं पत्र आलं. पाकिटावर ठसठशीत 'गोवा राज्य' लिहिलेलं; राज्य झाल्याला फार दिवस झाले नव्हते, आणि बाबा ते प्रत्येक पाकिटावर दोनदा लिहायचे. आत चारच ओळी. 'गाडी चांगली चालते हे वाचून समाधान वाटले. रजेवर येताना तिचा एक फोटो आणणे. बॉनेट उघडून काढावा. इंजिन दिसले पाहिजे.'

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि भात तसाच ठेवून उठले.

"खरं लिहून टाकूया," हे म्हणाले.

"नको," मी म्हणाले. तो माझा मूर्खपणा नंबर एक.

तशी गाडी आम्हाला घ्यायचीच होती. ह्यांना चौथ्या परीक्षेत लायसन्स मिळालं होतं. जोसेफ कायमचा गावी परतत होता आणि त्याची पांढरी गाडी अगदी निगा राखलेली. तो आम्हाला ती देतही होता. हे खूश.

"पांढरी?" मी म्हणाले. "बाबांनी लाल गाडीचा फोटो बघितलाय."

ह्यांनी जाऊन जोसेफला नको म्हणून सांगितलं. मूर्खपणा नंबर दोन तिथे झाला.

त्यानंतर आम्ही तीन शुक्रवार जुन्या गाड्यांच्या बाजारात घालवले. उन्हाचा देश, जिकडे बघाल तिकडे पांढऱ्या गाड्या. मी पर्समधला फोटो काढायचे, गाडीसमोर धरायचे, आणि मान हलवायचे. शेवटी एका कोपऱ्यात एक लाल सापडली. विकणारा म्हातारा ओमानी, हिंदी छान बोलायचा.

"इंजन देखोगे?" त्याने विचारलं.

मी फोटो आणि गाडी आळीपाळीने बघितली. दिवे जरा वेगळे होते, पण लांबी बरोबर.

"मॅडम, इंजन," म्हातारा पुन्हा म्हणाला.

"रंग असली आहे का विचारा," मी ह्यांना हळूच म्हणाले.

ह्यांनी ते विचारल्यावर म्हाताऱ्याने आमच्या दोघांकडे फार मायेने पाहिलं. त्याने किंमत आपणहून उतरवली. मला वाटलं, आपण किती हुशार. आता वाटतं, त्याला आमची दया आली असावी.

गाडी घरी येईपर्यंत दोनदा थांबली. त्यानंतर ती कधी आणि कुठे थांबेल हे तिचं तीच ठरवायची. पण फोटो काढला. बॉनेट उघडलं, हे एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. फोटोत हे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि मी इंजिनाकडे, कारण आतून नुकताच धूर यायला लागला होता.

रजेवर डिचोलीला आलो. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सोप्यावर सगळे बसले. बाबा, आई, आणि मुद्दाम आलेल्या आत्याबाई. ह्यांनी फोटो बाबांच्या हातात दिला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी.

बाबांनी चष्मा लावला. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग हसायला लागले. बाबांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"अरे, ही खरोखरच घेतलीत?"

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"पहिला फोटो आला त्याच दिवशी मला कळलं होतं. कमरेला एवढं मोठं बकल, आणि बॉनेटवर रेललाय. आपल्या गाडीचा पत्रा कोण असा खरवडून घेईल? परक्याच्या गाडीवरच माणूस असा रेलतो."

"मग इंजिनाचा फोटो कशाला मागितला?"

"म्हटलं, आता तरी खरं लिहाल. सुनेची पत्रं वाचून मला भीती वाटायला लागली होती, उद्या विमान पण घेतील." बाबांनी डोळे पुसले. "तर तुम्ही गाडीच घेऊन बसलात."

"तुम्हाला ठाऊक होतं, आणि आम्हाला बोलला नाहीत?" सासूबाई म्हणाल्या. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

बाबांनी फोटो पुन्हा उचलला आणि आता ते ट्रकवाले झाले. "हे बघ, इथून तेल गळतंय. हा पाइप फाटलाय. रेडिएटर गेलेला. आणि त्या उन्हात लाल? दोन वर्षांत रंग उडेल. पांढरी मिळाली नाही तुला? ही कोणी पसंत केली?"

ह्यांनी घसा साफ केला. कान परत लाल.

"मलाच आवडली," हे म्हणाले. "मीच म्हटलं, लाल घेऊया."

आत्याबाईंनी मान डोलावली. बाबा फोटोकडे बघत राहिले. आणि मी, जी दीड वर्षात त्या घरात सासऱ्यांसमोर 'चहा' या शब्दापलीकडे गेले नव्हते, ती चौकट सोडून सोप्यावर आले.

"बाबा, हे पांढरीच घेऊया म्हणत होते. लाल मी पसंत केली. म्हणून तर हे आत बसून चालवतात आणि मागून ढकलते मी."