ग्रीसचा वास

काल दाराच्या बिजागरीला ग्रीस लावलं आणि त्या वासासरशी प्रतापनगरचं आमचं रेल्वे क्वार्टर आठवलं. कारखाना सुटला की ह्यांच्या सायकलची चाहूल आमच्या कुत्रीला माझ्याआधी लागायची. "कुत्र्याला कसली माया? रोटला देईल त्याचं ते," सासूबाई म्हणायच्या. बाजरीचा रोटला तर मीच थापून घालायचे. एकदा चिडून मी तिला साखळीने बांधून ठेवलं. ह्यांनी सायकल लावली, माझ्याकडे न बघता आधी तिला सोडलं, आणि ती त्यांच्या अंगावर झेपावून ग्रीसने माखलेले हात चाटत सुटली. दिवसभर वाट मीही पाहिली होती, पण सासूबाईंसमोर पदर सावरत उंबऱ्याच्या आतच उभी राहिले. आज सासूबाई नाहीत, हेही नाहीत. त्या कुत्रीचा हेवा मात्र अजून वाटतो.