भांड्यांवर नावं घालणारा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गोडादऱ्यात, आमच्या वस्तीत, भांड्यांच्या दुकानाबाहेर गोणपाटावर बसून तो भांड्यांवर नावं घालायचा. त्याचं स्वतःचं नाव मला कधी कळलं नाही. गळ्यात काळ्या दोऱ्याला लाकडी क्रूस, आणि अक्षर उमटलं की त्यावर अंगठा फिरवायची सवय.

एका दुपारी नगरसेवकाची जीप थांबली. मागे आमच्या मंडळाची पातेली होती. वस्तीने वर्गणी काढून लग्नकार्यासाठी घेतलेली. नगरसेवकाने ती आपल्या वाढदिवसाच्या जेवणाला म्हणून नेली, ती परत दिलीच नव्हती.

"काका, जुनं नाव घसी काढ," तो म्हणाला, "मनं नाव टाक."

मंडळाच्या पातेल्यांवर त्याला स्वतःचं नाव हवं होतं. आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवरून बघत होतो.

काकाने मंडळाच्या नावावर अंगठा फिरवला. "आमच्या जुन्या शास्त्रात एक राजा आहे, साहेब. देवाच्या मंदिरातली लुटलेली भांडी काढून तो त्यात दारू प्यायला. तेवढ्यात समोरच्या भिंतीवर एक हात लिहायला लागला. नुसता हात. तुझं राज्य संपलं, असा देवाचा निकाल. राजा त्याच रात्री मारला गेला."

नगरसेवकाची माणसं पुढे सरकली. काकाने छिन्नी नगरसेवकापुढे धरली. "मी ज्याचं भांडं त्याचंच नाव घालतो. तुमचं तुम्ही घाला."

नगरसेवकाने छिन्नीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पातेली मंडळाच्या ओट्यावर आली, जुन्या नावासकट. गोणपाटाची जागा रिकामी होती. काका पुन्हा दिसला नाही.

नगरसेवक पुढेही निवडून येत राहिला. पण पंगतीत भिंतीकडे पाठ करून तो परत कधी बसला नाही.