कव्हरांवर उरलेली बाग

मेश्रामबाबू गेल्याचं त्यांच्या मुलीनं, सुजातानं, फोनवर सांगितलं त्याला आता दीड महिना होईल. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मटाराच्या शेंगा सोलत बसले... रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, आणि त्यातही निम्मी लाज होती.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या नागपूरच्या संशोधन केंद्रात पहिला संगणक आला आणि टायपिस्ट मेश्रामबाबू त्याचे ऑपरेटर झाले. मी नरखेडकडच्या एका संत्राबागेवर पीएच.डी. करत होते. तीन वर्षं एसटीनं जाऊन एकेका झाडाची फळं, गळ, रोग टिपला होता. बाबूंनी त्या सगळ्याचा संगणकावर तक्ता करून दिला, दुसऱ्या फ्लॉपीवर त्याची नक्कल ठेवली, वर एक छापील प्रतही काढली. मला ते कारकुनी वाटायचं. छापील प्रत तर मी रद्दीत काढायला लावली. तेव्हा मी फार शहाणी होते.

जुलैतल्या एका दुपारी बाबू जेवायला गेले असताना मी तक्त्यातला फळांचा रकाना तेवढा चढत्या क्रमानं लावला. बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले, आणि एका झाडाची फळं दुसऱ्याच्या नावावर गेली. ते न बघताच मी जुन्या फाइलवर नवी साठवली. आपणही शिस्तीच्या आहोत हे दाखवायला नक्कलेच्या फ्लॉपीवरही तीच चढवली! चूक कळली तोवर बाबू जेवून परतले होते. मूळ वह्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, बाग मालकानं रोगट म्हणून तोडून टाकली होती. पुन्हा मोजायला झाडंच नव्हती. तीन वर्षं गेली, असं म्हणून मी तिथंच रडायला लागले.

"काहून रडून राहिल्या, ताई?" बाबू म्हणाले. "झाडं गेले, पण कागद तं पोरायच्या पुस्तकायवर आहेत. कोणं किती नेले, मले मालूम आहे."

शाळा सुरू होताना केंद्रातले सगळे रद्दीतला संगणकाच्या छपाईचा रुंद, मजबूत कागद मुलांच्या वह्यापुस्तकांना कव्हर घालायला नेत. आठवडाभर बाबू ऑफिस सुटल्यावर सायकलनं सक्करदऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत हिंडले. बरोबर खाकी कागदाची गुंडाळी. जुनं कव्हर काढायचं, तिथंच बसून नवं घालायचं, मुलाचं नाव सुबक अक्षरात लिहायचं आणि मगच उठायचं. एका पठ्ठ्यानं तर आकड्यांना मिशा काढल्या होत्या. शेवटचं पान सुजाताच्याच भूगोलावर होतं, आणि ती काही केल्या ते देईना; बऱ्याच मिनतवारीनंतर दिलं. मग मी आकडे वाचायचे, बाबू टाइप करायचे... चार दिवसांत माझी बाग पुन्हा उभी राहिली.

प्रबंध पूर्ण झाला. आभाराचं पान मी घाईत लिहिलं: मार्गदर्शक, संचालक, बागमालक, सासूबाई. टाइप बाबूंनीच केलं. पान पुढ्यात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, कोणाचं नाव राहिलं तं नाही ना?" मी मान वर न करताच नाही म्हटलं.

परवा प्रबंध कपाटातून काढला. सासूबाईंच्या नावाखाली एका ओळीची जागा मोकळी आहे, आणि त्याखाली माझं नाव. इतक्या वर्षांत ती जागा माझ्या नजरेला पडली नव्हती. तिथं मी पेनानं त्यांचं नाव लिहिलं.

फार उशीर झाला, बाबू.