स्टुलावरचे बाबा

भैयाने मला फसवले, मी भैयाला नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण रायपुरात आता उलटे सांगतात.

"घाई काहून करून राहिला?" हे त्याचे पालुपद. आमचे विनोद डोळे मिटून ऐकायचा आणि शब्द जास्त झाला की उजव्या हाताचे बोट वर करायचा. बोट वर गेले की ते वाक्य काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. ऑर्केस्ट्रात, गणपतीत, सरकारी समारंभांत त्याने उभी हयात लोकांना हसवले होते. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले, पोट्टे त्याच कामाला स्टँडअप म्हणू लागले, तेव्हा सत्तरीचा हा माणूस पुरानी बस्तीतल्या आपल्या ओसरीवर दर रविवारी सकाळी शिकवायला बसला.

शिकणाऱ्यांत वयाने मीच मोठा. गुढियारीत माझे ताडपत्रीचे दुकान, शून्यातून उभे केलेले. हसवणे म्हणजे भाव पटवणेच, असा माझा समज. हशा आला नाही की मी आणखी एक विनोद वर घालायचो, गिऱ्हाइकाला दोरीचा तुकडा फुकट द्यावा तसा. बोट लगेच वर.

"लोकं तुह्या दुकानात नाही आले. दे आन् चूप बस."

एकदा भडकून मी चपला घालून निघालो. वाटले, हाक मारील. सौद्यात जो हाक मारतो तो हरतो, हे त्यालाही ठाऊक होते. पुढच्या रविवारी मीच परत गेलो.

माझ्याकडे खरा माल एकच होता: माझे बाबा. रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झाले आणि माझ्या दुकानात स्टूल टाकून बसले. मी गिऱ्हाइकाला शपथेवर सांगावे, याच्या खाली परवडत नाही, आणि स्टुलावरून आवाज यावा, "दे रे, परवडते तुले. काल जेवताना लय खूश होता." गिऱ्हाइके बाबा आहेत का बघूनच आत यायची.

एका रविवारी मी भैयाला या गोष्टीचा शेवटही सांगितला. बाबा गेल्यावर आरंगकडचा एक जुना शेतकरी आला. रिकाम्या स्टुलाकडे पाहिले आणि मी बोललो तो भाव मुकाट कबूल केला. मग मीच कमी केला.

बोट वर गेले नाही. भैया म्हणाला, "हे आत्ता नको सांगू. तुहा गळा भरून येते. थांब."

मी थांबलो. वर्षभर थांबलो. सौद्यात इतका मी कुणासाठी थांबलेलो नाही.

आणि नवा रायपुरातल्या एका समारंभात, भरल्या हॉलमध्ये, भैयाने ती गोष्ट सांगितली. "मेरे बाबूजी" म्हणून. स्टूल, शपथ, शेतकरी, सगळे. कुठेही घाई नाही. लोक पोट धरून हसले आणि शेवटी हॉल गप्प झाला. शेजारी माझी बायको डोळे पुसत होती. मी सांगायचो तेव्हा ती भाजी निवडायची.

रविवारी सगळ्यांदेखत मी विचारले. त्याने नाकारले नाही.

"हव, तुहीच आहे. राहवलं नाही मले." मग खाली बघत म्हणाला, "माहा बाप मी पाहिलाच नाही रे."

मी नको ते बोललो आणि निघालो. त्याने हाक मारली नाही. या वेळी मीही परतलो नाही. त्याच थंडीत तो गेला.

गेल्या महिन्यात मी ती गोष्ट स्टेजवर काढली. शपथेपर्यंत आलो तोच मागून कुणीतरी म्हणाले, "यह तो भैया वाला है।" लोक हसले. मी खाली उतरलो.

भैया आता जबाब देणार नाही आणि ओसरीवरची पोरे त्याचीच बाजू घेतात. पण त्या हॉलमध्ये तुम्ही होतात. हसलात, रडलात, टाळ्या दिल्यात. स्टूल अजून माझ्या दुकानात आहे. या, बघा, आणि चार माणसांत सांगा: त्याच्यावर कोणाचा बाप बसत होता?